आधी खूण सांगा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडला राहतो, वय ४७. २०१६ साली आम्ही पाच-सहा पक्षीवेड्या मित्रांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप सुरू केला. तेव्हा चाळीस जण होतो. बहुतेक जण रविवारी वेताळ टेकडीवर नाहीतर पाषाण तलावावर भेटणारेच होते. आज ४३० आहेत. ग्रुप मी सुरू केला म्हणून ॲडमिन मीच.

आमच्यात एक सर आहेत, सत्तरीच्या आसपासचे. पक्ष्यांविषयी त्यांच्याइतकं जाणणारा दुसरा कोणी आमच्यात नाही. दुर्बीण कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं. पण गेली काही वर्षं त्यांची भाषा फार बिघडली आहे, आणि त्यांचं बघून आणखी सात-आठ जणांची. दोन वर्षांपूर्वी थंडीत कोणीतरी शृंगी घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकली. पुढच्या रविवारी तिथे कॅमेरेवाल्यांची जत्रा भरली आणि घुबडांनी घरटं सोडलं. तेव्हापासून सर जास्तच कडवट झाले.

मेच्या अखेरीस एका काकूंनी फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘आज पहिल्यांदा शिक्रा पाहिला, फार आनंद झाला.’ पण तो शिक्रा हा शिकारी पक्षी नव्हता, कोकीळकुळातला पावशा होता. सरांनी लिहिलं, ‘हा शिक्रा? आधी चष्मा बदला. असल्यांनी बागेतल्या गुलाबांचे फोटो काढावेत.’ मग हसऱ्या इमोजींची रांग लागली. एकाने कावळ्याचा फोटो टाकून विचारलं, ‘काकू, हा गरुड का?’ काकूंनी ‘चुकले, क्षमस्व’ एवढंच लिहिलं आणि दोन दिवसांनी ग्रुप सोडला. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. गेल्या वर्षी यजमान गेले, त्यानंतर मुलीने त्यांना दुर्बीण घेऊन दिली होती. मी सगळं वाचत होतो. मी काहीच बोललो नाही.

आता काय करू? सरांना काढू? ग्रुप बंद करू? मित्र म्हणतात, पुण्यात हे चालायचंच, ज्याला सोसत नाही त्याने जावं. उद्या कोणी तक्रार केली तर ॲडमिन म्हणून तूच अडकशील, अशीही भीती एकाने घातली आहे. ताई, पूर्वी आमचा ग्रुप असा नव्हता.

– एक ॲडमिन

नमस्कार.

कायद्याची भीती आधी बाजूला ठेवू या, कारण ती या पत्रातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यात ॲडमिनचं संगनमत होतं असं दिसावं लागतं. तुमचं तसं काही नव्हतं. तेव्हा ती काळजी सोडा.

तुमच्या पत्रातलं ‘मी काहीच बोललो नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते तुम्ही परिच्छेदाच्या शेवटी ठेवलंत आणि लगेच पुढे सरांना काढू का, ग्रुप बंद करू का या प्रश्नांकडे वळलात. माझ्या मते तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्या वाक्यामुळे. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, कदाचित नसेलही. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कोणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना सगळ्यांना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. म्हणजे काकू गेल्याची ती एक ओळ ४३० जणांपैकी फक्त तुमच्या पडद्यावर उमटली. ज्यांनी हसऱ्या इमोजी टाकल्या त्यांना काकू गेल्याचं बहुधा आजही ठाऊक नाही. सरांनाही नसेल. त्यांच्या हिशेबी काकू ‘क्षमस्व’ म्हणाल्या आणि विषय संपला. असे आणखी किती जण गेल्या दोन-तीन वर्षांत निघून गेले, याची खबर ग्रुपमध्ये एकट्या तुम्हाला आहे. एवढी माहिती एकट्याने जवळ बाळगून गप्प बसणं जड जातं, आणि ते जड जातंय याचंच मला बरं वाटलं.

आता त्या फोटोविषयी. मी पक्षितज्ज्ञ नाही, पण तीसेक वर्षं पक्षी बघत आले आहे, म्हणून हे मला मनापासून सांगायचं आहे. पावशाला शिक्रा समजणं ही चष्म्याची चूक नव्हे. पावशाची सगळी घडण शिक्र्याच्या नकलेवर उभी आहे. करडी पाठ, छातीवर तांबूस आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे, चार वेळा पंख मारून तरंगत जायची लकब, फांदीवर उतरताना शेवटी थोडं वर उचलून बसणं, सगळं त्या शिकारी पक्ष्याचं. त्याला येताना पाहून लहान पक्षी शिक्रा आल्यासारखे कालवा करतात. मग हा सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो. ज्यांचा जीव शिक्रा ओळखण्यावर अवलंबून आहे ते पक्षीसुद्धा जिथे फसतात, तिथे वर्षभरापूर्वी हातात दुर्बीण आलेल्या बाईंनी फसू नये, ही अपेक्षाच चुकीची आहे.

माणसंही फार जुन्या काळापासून फसत आली आहेत. कोकीळकुळातला पक्षी म्हणजे रूप पालटलेला ससाणाच, असा समज प्राचीन ग्रीसमध्ये होता. ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी तो खोडून काढला. कसा, ते बघण्यासारखं आहे. त्याने लिहिलं की साम्य आहे ते रंगाचं. ससाण्याच्या नख्या वाकड्या असतात, याच्या नसतात, आणि याचं डोकंही ससाण्यासारखं नाही, कबुतरासारखं आहे. संपलं. समज बाळगणाऱ्यांना त्याने मूर्ख म्हटलं नाही. दोन खुणा दिल्या. त्या आजही चालतात. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं आहे, चोच आकडीसारखी वळलेली नाही, पाय बारीक आहेत आणि नख्या शिकाऱ्याच्या नाहीत. ही एवढी ओळ काकूंना कोणी लिहिली असती तर त्या जन्मात दुसऱ्यांदा फसल्या नसत्या. आणि ग्रुपमधले जे दोनशे जण त्या दिवशी मनातल्या मनात शिक्राच समजले होते आणि सरांचं उत्तर वाचून गप्प राहिले, तेही शिकले असते. असे दोनशे तरी असतील, माझी खात्री आहे.

सरांचं उत्तर पुन्हा वाचा. त्यात खऱ्या पक्ष्याचं नावसुद्धा नाही. चष्मा आहे, गुलाब आहेत, ‘असल्यांनी’ आहे. पावशा कुठेच नाही. पक्ष्यांच्या ग्रुपवर, पक्ष्याच्या फोटोखाली, सर्वांत जाणत्या माणसाने लिहिलेल्या उत्तरात पक्षी नाही! उद्धटपणापेक्षाही मला हे जास्त खटकलं.

मी स्वतः पक्षी बघायला लागले तेव्हा आम्हाला पाषाण तलावावर घेऊन जाणारे एक गृहस्थ होते. तेव्हा तलावाच्या काठी आजच्याइतकी वस्ती नव्हती आणि जलपर्णीही एवढी माजली नव्हती. काठाशी चिखलात एक पक्षी तुरुतुरु चालत होता, मागची बाजू सारखी खालीवर हलवत. मी ठणकावून म्हटलं, धोबी! त्यांनी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. म्हणाले, ‘शेपूट हलते हे बरोबर पाहिलंस. आता चोच बघ.’ मी पाहिली. धोब्याला एवढी लांब चोच नसते. मग म्हणाले, ‘आता पंखाच्या पुढे, खांद्यापाशी बघ.’ तिथे पांढरी पाचर होती. तो तुतवार होता. नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. आज इतक्या वर्षांनी तुतवार दिसला की मला आधी तो आवाज ऐकू येतो, ‘हे बरोबर पाहिलंस.’ चूक सांगताना माणसाने आधी काय बरोबर पाहिलं होतं ते शोधून काढायचं, हे मी त्या माणसाकडून शिकले आणि पुढे वर्गात, घरात, सगळीकडे वापरलं. दरवेळी जमलं असं नाही. काकूंनीही पुष्कळ काही बरोबर पाहिलं होतं. पट्टे पाहिले होते, रंग पाहिला होता, बसायची ढब पाहिली होती. शिक्रा नाव सुचायला आधी शिक्रा कसा दिसतो ते माहीत असावं लागतं. त्यांनी पुस्तक उघडून चाळलं असणार.

सलीम अली दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, म्हणून ही कुठली वेगळी चिमणी ते विचारायला ते ती घेऊन मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. मुलगा घाबरलेला होता. तिथले सचिव मिलर्ड यांनी पिवळ्या गळ्याची चिमणी म्हणून ती ओळखली, आणि तेवढ्यावर त्याला वाटेला लावलं नाही. कपाटांचे खण उघडून भारतातल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा पुढे कोण झाला हे तुमच्या ग्रुपमध्ये मी सांगायला नको. मिलर्ड त्या दिवशी कामात असते, वैतागलेले असते, तर काय झालं असतं याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पण तो प्रसंग मी यासाठी सांगत नाही की प्रत्येक नवशिका सलीम अली होणार आहे. काकू होणार नाहीत. त्यांना व्हायचंही नसेल. घरातलं माणूस गेल्यावर रिकाम्या सकाळी बाहेर पडायला त्यांना एक कारण मिळालं होतं, एवढंच. आणि ते पुरेसं होतं.

आता सरांबद्दल. त्यांना मी खलनायक करणार नाही, कारण तुमच्या पत्रातच त्यांच्या रागाचं मूळ दिसतंय. घुबडाचं घरटं उजाड झालं, तेव्हा त्या माणसाच्या आत काहीतरी मोडलं. ते समजण्यासारखं आहे. शृंगी घुबड जमिनीवर, दरडीच्या कपारीत अंडी घालतं. माणसांची वर्दळ वाढली की ते निघून जातं, आणि घुबडांचा चोरटा व्यापार होतो तो वेगळाच. जागा उघड करणाऱ्याला सरांनी झापलं असेल तर योग्यच केलं. पुढेही तसंच व्हायला हवं, तो मेसेज क्षणात उडवायला हवा, ऐकत नसेल तर माणूसही काढायला हवा. कारण त्या चुकीने पक्ष्याचं नुकसान होतं. पावशाला शिक्रा म्हटल्याने पावशाचं काही बिघडत नाही. सरांनी, आणि त्यांच्या मागून सगळ्या ग्रुपने, ह्या दोन चुका एकाच तराजूत टाकल्या. घरट्यावर धाड घालणाऱ्याला द्यायची शिक्षा तुम्ही काकूंना दिलीत.

आणखी एक मला जाणवतं. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये सर गुरू होते. ४३० जणांच्या ग्रुपमध्ये ते यंत्र झाले आहेत. सकाळी फोन उघडला की वीस फोटो, खाली ‘आयडी प्लीज’, म्हणजे पक्षी ओळखून द्या. कुठे दिसला ते नाही, काय करत होता ते नाही, स्वतः काय वाटतं तेही नाही. उत्तर मिळालं की अंगठा, पुष्कळदा तोही नाही. त्याच बगळ्याचा फोटो त्याच आठवड्यात पाचव्यांदा. आयुष्यभर उन्हातान्हात फिरून मिळवलेलं ज्ञान असं फुकट मागितलं जाऊ लागलं की माणूस कडू होतो. याने त्यांचं वागणं क्षम्य ठरत नाही. पण त्यांच्याशी बोलायला जाल तेव्हा हे तुमच्या मनात असू द्या, म्हणजे तुमचा आवाज बरोबर लागेल.

तुमचे मित्र म्हणतात पुण्यात हे चालायचंच. मी पुण्यातच वाढले. आमच्याकडे तिखट बोलण्याचं कौतुक आहे हे खरं, आणि त्या कौतुकाआड पुष्कळ क्रौर्य खपून गेलं आहे हेही खरं. तुम्ही म्हणता पूर्वी असं नव्हतं. तुमच्या ग्रुपपुरतं ते खरं असेल. शहरापुरतं नाही. याच पुण्यात आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली गेली होती. तेव्हा सभ्यतेचा सुवर्णकाळ मागे कुठेतरी होता आणि मोबाइलने तो बुडवला, असं मला मानता येत नाही. सभ्यता त्या त्या जागी, त्या त्या माणसांनी राखलेली असते, आणि राखणारा गप्प बसला की जाते.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते मला फार उपयोगी वाटतात. खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं, तो वाद. फक्त जिंकण्यासाठी बोलायचं, तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याला नुसतं पाडायचं, ती वितंडा. भांडणाला आपण सरसकट वाद म्हणतो आणि वाद नको म्हणून विषयच बंद करतो. खरं तर तुमच्या ग्रुपला वाद हवा आहे. पावशा की शिक्रा, हा उत्तम वाद होता. कावळ्याचा फोटो टाकून ‘हा गरुड का’ विचारणं ही वितंडा, कारण त्यात त्या मनुष्याने स्वतःची काहीच बाजू मांडलेली नाही. तो पावशा होता हे त्याला तरी ओळखता आलं होतं का, कोण जाणे!

इंटरनेटवर माणसं उद्धट होतात ती ओळख लपलेली असते म्हणून, असं म्हणतात. तुमच्याकडे तसं नाही. सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे आहेत, निम्मे जण एकमेकांना टेकडीवर भेटलेले आहेत. इथे रोग वेगळा आहे. सर बोलले काकूंशी, पण ऐकवलं चारशे जणांना. समोर प्रेक्षक असला की माणूस टाळी घेणारं वाक्य शोधतो, खूण शोधत नाही. पूर्वी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ माणसं मावत. २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. जागा झाली म्हणून तुम्ही माणसं घेत गेलात, त्यांची ओळख करून घेणं मागे पडलं. ज्यांच्याबरोबर कवडीपाटच्या बंधाऱ्यावर पहाटे कुडकुडत एकाच थर्मासमधला चहा प्यायला आहे, त्यांना ‘असल्यांनी’ असं लिहायला हात धजत नाही.

आता काय करायचं ते.

सगळ्यांत आधी काकूंना फोन करा. मेसेज नको. आणि ग्रुपतर्फे किंवा सरांतर्फे नको, फक्त स्वतःतर्फे. मी वाचत होतो आणि बोललो नाही, याची मला लाज वाटते, एवढं सांगा. ‘सरांचा स्वभावच तसा आहे हो, मनाने चांगले आहेत’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. ते ऐकणाऱ्याला पुन्हा एकदा एकटं पाडतं. ‘परत या’ असा आग्रहही लगेच नको. मान खाली घातलेल्या माणसाला त्याच खोलीत बोलावणं सोपं असतं, त्याला तिथे बसणं सोपं नसतं. त्यापेक्षा एखाद्या सकाळी तुम्ही तिघं-चौघं टेकडीवर जाणार असाल तर त्यांना विचारा.

मग सरांकडे जा. घरी जा, शक्यतो दोघंच असताना. ग्रुपवर नको, कारण तिथे तेही प्रेक्षकांसमोर असतील आणि मागे हटणार नाहीत. ‘लोकांची तक्रार आहे’ असंही म्हणू नका. लोकांच्या आड उभं राहायची सवय मोडायचीय ना? असं काहीतरी म्हणा: ‘सर, काकूंना तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं. मी तेव्हा गप्प बसलो ही माझी चूक. त्या ग्रुप सोडून गेल्या, तुम्हाला माहीत नसेल. यापुढे असं कोणीही लिहिलं, तुम्हीसुद्धा, तर मी तो मेसेज काढणार आणि त्या माणसाला फोन करणार.’ ते चिडतील. चिडू द्या. उठून येऊ नका. थोडा वेळ गेला की त्यांच्याकडे काहीतरी मागा. दर रविवारी दिसायला सारख्या अशा दोन पक्ष्यांच्या खुणा त्यांनी चार ओळींत लिहाव्यात. पावशा आणि शिक्रा. गाय बगळ्याची पिवळी चोच आणि छोट्या बगळ्याची काळी चोच नि पिवळे पंजे. मग धोबी, वटवटे, घारी. वर्षभरात पन्नास जोड्या होतील, आणि पाचव्यांदा तोच प्रश्न आला की सरांना उत्तर द्यावं लागणार नाही, तुम्ही ती नोंद पुढे कराल. तुम्ही त्यांना शिकवायचं काम परत देता आहात, हे त्यांना कळेल असं मला वाटतं. तुम्हाला दुर्बीण धरायला शिकवणारा तो माणूस अजून त्यांच्यात असेल.

ग्रुपवर लांबलचक नियमावली टाकू नका, ती कोणी वाचत नाही. दोनच गोष्टी सांगा. घरट्याची जागा कोणी टाकायची नाही. आणि चूक दुरुस्त करणाऱ्याने खूण सांगितलीच पाहिजे. नुसतं ‘चूक’ नको, नुसतं नावही नको. चोच, डोळा, पाय, आवाज, काय वेगळं आहे ते. खूण सांगता येत नसेल तर गप्प बसायचं. यात उद्धटांना आपोआप आळा बसतो, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना खूण ठाऊक नसते. फोटो टाकणाऱ्यानेही ‘आयडी प्लीज’ऐवजी आपल्याला काय दिसलं, काय वाटलं ते एका ओळीत लिहावं. जगभरचे लोक ईबर्ड या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या नोंदी करतात, तिथे एखादी नोंद शंकास्पद वाटली तर तपासणारा त्या माणसाला स्वतंत्र ईमेल पाठवून विचारतो, आणखी काही तपशील आहेत का, फोटो आहे का. चारचौघांत पंचनामा होत नाही. तुमच्या ग्रुपमध्येही एखाद्याची मोठी चूक असेल तर आधी खासगीत विचारायला काय हरकत आहे?

ॲडमिन एकटे राहू नका. आणखी दोघांना घ्या, त्यांतली एक बाई असू द्या, आणि एक जण नवशिका. जुन्यांना जे बोचत नाही ते नव्यांना बोचतं, ते तुम्हाला वेळेवर कळायला हवं. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. तो अधिकार वापरायला कचरू नका. मेसेज काढला की त्या माणसाला फोन करा, दोन मिनिटांचा. नुसता मेसेज काढून गप्प बसलात तर ती पुन्हा जुनीच गप्प बसण्याची सवय.

सरांनी ऐकलं नाही तर? हा प्रश्न तुम्ही त्यांच्या दारात जाण्याआधी स्वतःशी सोडवून जा. माझं मत विचाराल तर त्यांच्याशिवाय ग्रुप चालवायची तयारी ठेवा. तुमचं मोठं नुकसान होईल, ते मी कमी लेखत नाही. थंडीत येणारे ते मातकट पर्णवटवटे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस रोज भेटत नाही. पण ओळख चुकली तर पुस्तकं आहेत, आता मोबाइलवर आवाज ओळखणारी साधनंही आहेत, आणि एखादा पक्षी अनोळखी राहिला तर राहिला. चारशे माणसं प्रश्न विचारायला घाबरत असतील तर तो ग्रुप पक्ष्यांचा उरत नाही. त्यांना काढावं लागलं तर तेही फोन करून, कारण सांगून, आदराने. आणि मग अधूनमधून त्यांच्या घरी जात राहा. ते तुमचे गुरू आहेत, ग्रुपचं नातं संपलं म्हणून ते संपत नाही.

ग्रुप बंद करू नका. बंद केलात तर गेलेले परत येणार नाहीत आणि उरलेले दुसरीकडे जाऊन हेच करतील. जमलं तर लहान तुकड्या करा, कोथरूडच्या, सिंहगड रस्त्याच्या, हडपसरच्या, आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्येक तुकडीने प्रत्यक्ष भेटावं.

जून सुरू आहे. पावशा पहाटेपासून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडतोय, काकूंच्या घरीही ऐकू जात असेल. त्यांना फोन कराल तेव्हा एक गोष्ट नक्की विचारा. सर काय म्हणाले, कोणी कसल्या इमोजी टाकल्या, कावळ्याचा फोटो कोणी टाकला, हे सगळं तुम्ही मला बारकाईने लिहिलंत. काकूंनी तो पक्षी कुठे पाहिला, ते मात्र पत्रात नाही. ग्रुपवरही कोणी विचारलं नसावं.

तुमची,
ताई